तेल खाणारी गाडी

ड्युसेलडॉर्फच्या आमच्या मराठी मंडळात बिवलकरकाकांचं नाव निघालं की लोक आधी हसायचे आणि मग विचारायचे, "काय म्हणतंय इंजिन?" माणसाची चौकशी कुणी करायचं नाही. मला त्या हसण्याची चीड होती आणि अजूनही आहे. हसणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना आपल्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

श्यामकांत बिवलकर पुण्याहून इंजिनिअर होऊन १९८० साली जर्मनीत आले ते एका इंजिनापायी. नोकरीसाठी नाही, पैशांसाठी नाही, इंजिनासाठी. साध्या मोटारीत दट्ट्या वरखाली होतो आणि चाकं फिरतात. रोटरी इंजिनात दट्ट्याच नसतो. एक तिकोनी गोटा अंडाकार पोकळीत गरगर फिरत असतो, एवढंच. त्या तिकोनाच्या टोकांना पातळ पट्ट्या असतात, आतला वायू सुटू नये म्हणून. काका पीएच.डी. करत होते ती त्या पट्ट्यांवर. या इंजिनाचा जन्म जर्मनीतला, तेव्हा त्याची सेवा करायची तर इथेच यायला हवं, असा त्यांचा साधा हिशेब होता. ते आले, जर्मन शिकले, चार वर्षं प्रयोगशाळेत पट्ट्या झिजवल्या आणि मोजल्या. मग ज्या कंपनीच्या जिवावर ते काम चाललं होतं तिने तो विभागच बंद केला. प्राध्यापकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की या इंजिनाला भविष्य नाही, तुम्ही दुसरं काहीतरी बघा. काकांनी दुसरं काहीतरी बघितलं. पंपांच्या गोदामात काही वर्षं, आणि नंतर आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत, टेस्टिंगला. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि नम्र भाषेत कळवायच्या. मी २००१ साली तिथे लागले तेव्हा ते माझ्या पलीकडच्या टेबलावर बसायचे. आम्हाला शहरातल्याच बेनराथ भागात घर मिळालं तेही त्यांच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर. खाली अंगणात माझी गाडी उभी करायची जागा त्यांच्या जागेला लागून होती. पुढचं जे मला माहीत आहे ते त्या शेजारामुळे.

२००४ मध्ये काकांनी गाडी घेतली. एका जपानी कंपनीने नव्याने काढलेली रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार. राखाडी-निळ्या रंगाची, जमिनीला चिकटलेली, मागची दारं उलटी उघडणारी. अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, चष्मेवाला माणूस त्या गाडीतून उतरताना आधी एक पाय बाहेर काढायचा, मग थोडा वेळ विचार करायचा, मग दुसरा. लोकांना हसायला तेवढंही पुरलं असतं. पण मला त्यांचा तो चेहरा आठवतो. वीस वर्षांपूर्वी मेलं म्हणून सांगितलेलं माणूस दारात उभं दिसल्यावर होईल, तसा तो होता.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, पूजा ठरली. सुनेत्राकाकूंनी हळद-कुंकू, हार, नारळ सगळं काढलं. लिंबं मी कोपऱ्यावरच्या तुर्की दुकानातून आणली. मंडळाचे अध्यक्ष विनय दामले सहकुटुंब आले होते. हे दामले बाड हॉम्बुर्गला मोठ्या हुद्द्यावर होते, शनिवार-रविवारी इकडे घरी असायचे, आणि त्यांच्याकडे लांबलचक डिझेल गाडी होती. डिझेल गाडीवाल्यांना असतो तेवढा आत्मविश्वास त्यांच्याकडे होता. बिवलकरांचा निहार तेव्हा सतरा-अठराचा. तो खिशात हात घालून लांब उभा होता. काकूंनी बॉनेटवर स्वस्तिक काढलं तेव्हा तो "पाइनलिश" म्हणाला. म्हणजे लाजिरवाणं. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर जर्मनमध्येच.

चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. काका आत बसले, गाडी सुरू केली आणि हातभर पुढे घेतली. लिंबं फुटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वर बाल्कनीत फ्राऊ ल्युडेके येऊन उभ्या राहिल्या. या बाईंचा सगळा दिवस अंगणात काय चाललंय ते बघण्यात जायचा.

"अहो, बंद करा आता," काकू म्हणाल्या. "ती बाई बघतेय."

"पाच-दहा मिनिटं फिरवून आणतो," काका म्हणाले. "थंड आहे अजून. थंड असताना लगेच बंद करायची नसते ही."

"आरती व्हायचीय आणि तुम्ही कुठे निघालात? माणसं ताटकळतील. उभी गाडी चालू ठेवली तर इथे दंड करतात, तुम्हीच सांगता ना? बंद करा."

काकांनी काकूंकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली. त्या क्षणी त्यांना काय माहीत होतं ते मला पुढे कळलं. थंड रोटरी सुरू करून लगेच बंद केली की आत उडालेलं पेट्रोल जळत नाही, ते प्लगवर बसतं, प्लग भिजतात आणि मग गाडी सुरूच होत नाही. नव्या मालकाला सांगायची ही पहिली गोष्ट. त्या दिवशी ड्युसेलडॉर्फमध्ये हे ज्याला सगळ्यात चांगलं माहीत होतं, त्यानेच बायकोच्या एका शब्दावर इंजिन बंद केलं. आम्ही आरती करत होतो तेव्हा ते टाळ्या वाजवत होते, पण लक्ष बॉनेटखाली होतं.

आरती झाली. दामल्यांना चक्कर मारायची होती. काकांनी किल्ली फिरवली तर इंजिन नुसतंच कण्हलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. दामले हसू लागले, मग त्यांची मुलं, मग निहार. काकांनी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला आणि किल्ली फिरवत राहिले. असं केलं की पेट्रोल यायचं थांबतं आणि आतलं ओलं वाळतं. शेवटी गाडी सुरू झाली, पण तिने पांढऱ्या धुराचा असा लोट सोडला की फ्राऊ ल्युडेके दिसेनाशा झाल्या. फक्त त्यांचा आवाज येत होता.

"नवी गाडी, पहिला दिवस!" दामले डोळे पुसत म्हणाले. "बिवलकर, या इंजिनावर लाख किलोमीटर झाले ना, तर मी सबंध मंडळाला पेढे वाटेन."

"आणि नाही झाले तर मी वाटेन," काका म्हणाले.

काकूंनी विचारलं, "पण झालं काय गाडीला?"

"काही नाही. माझी चूक," काका म्हणाले. लिंबाचं किंवा आरतीचं नाव त्यांनी काढलं नाही. या माणसाची ती खोड होती. समोरच्याचं मन राखायचं असलं की स्वतःला माहीत असलेलं सगळं गिळून टाकायचं. तेव्हा मला ते चांगुलपण वाटलं होतं. आता मला त्याचा संताप येतो.

पुढची तीन वर्षं मी नको असताना रोटरी शिकले. सकाळी दोघं एकदमच निघायचो. माझ्या गाडीच्या काचेवरचं दव खरवडेपर्यंत काका बोलत असायचे. ऐकणारं दुसरं कुणी त्यांना नव्हतं.

"उभं ठेवून गरम करायची नाही, कळलं? फ्राऊ ल्युडेके ओरडतात ते बरोबरच आहे. सुरू केली की निघायचं, पण हळू. तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत तिला जोर लावायचा नाही. सकाळी उठल्याउठल्या तुला कुणी पळायला लावलं तर?"

"मला कशाला सांगताय काका? माझी साधी पोलो आहे."

"ऐकून ठेव. आणि एकदा गरम झाली, की मग मात्र दिवसातून एकदा तिला लाल रेषेपर्यंत न्यायची. लोक उलट करतात. थंड असताना पळवतात आणि गरम झाल्यावर जपतात. मग आत काजळी धरते, पट्ट्या चिकटतात. आणि म्हणतात इंजिन वाईट."

पेट्रोलच्या बाबतीतही त्यांचं ठाम मत होतं. साधं पंच्याण्णवचं सुपर भरा, पुस्तिकेत तेच लिहिलंय. जास्त महागाचं भरून शेजाऱ्यावर छाप पडते, इंजिनावर नाही. टाकी तळाला जाऊ देऊ नका. पंपावर बाटल्यांतून विकतात ती इंजिन स्वच्छ करणारी औषधं घालू नका. आणि दर दुसऱ्या वेळेला पेट्रोल भरलं, की तेल बघा. हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. तेल हे त्यांच्या सांगण्याचं टोक होतं. रोटरी थोडं थोडं तेल स्वतःच आत ओढते आणि जाळते, कारण टोकांच्या त्या पट्ट्यांना तेवढंच वंगण मिळतं. लोकांना वाटतं गाडी बिघडली, तेल कुठेतरी गळतंय.

"गळत नाही ती. तेल खाते," काका म्हणायचे. "आणि खाणाऱ्याला वेळेवर वाढायचं असतं. एवढंच तर मागते बिचारी."

जुन्या सुती पंच्याचे चौकोनी तुकडे करून ते गाडीच्या कप्प्यात ठेवत. सपाट जागी गाडी उभी करायची, जरा थांबायचं, तेल मोजायची पट्टी ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून पुन्हा ओढायची आणि उजेडाकडे धरायची. मग त्या फडक्यावरचा सोनेरी-काळा डाग मला दाखवायचे. मी "वा" म्हणायची. दुसरं काय म्हणणार! फडकी सुनेत्राकाकू धुवायच्या आणि कुरकुर करायच्या, की वाळत घातली तर फ्राऊ ल्युडेकेंना वाटेल हे लोक काय नेसतात.

या सगळ्याचं मोल काय होतं ते मला फार उशिरा समजलं. कंपनीच्या ख्रिसमसच्या जेवणात एकदा त्यांनी ग्लासभर वाइन घेतली होती. परतताना म्हणाले, "वैभवी, मी चार वर्षं दिली त्या इंजिनाला. सगळे म्हणतात इंजिन फुकट होतं, म्हणजे मी फुकट गेलो. मला फक्त एक लाख करून दाखवायचेत. एका माणसाने नीट सांभाळलं तर ते टिकतं, एवढं दिसलं की झालं." त्यानंतर पेढ्यांचा विषय निघाला तरी मला कधी हसू आलं नाही.

२००७ मध्ये त्यांचे डोळे गेले. गेले म्हणजे अगदी आंधळे झाले नाहीत. काचबिंदू होता, उशिरा कळला. कडेचं दिसेना, बारीक दिसेना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाडी चालवायची नाही. काका घरी आले आणि अंगणात गाडीत जाऊन बसले. सुरू केली नाही. सुरू करून लगेच बंद करावी लागली असती.

मीटरवर तेव्हा ऐंशी हजार किलोमीटर आणि वर काही होते. काकू म्हणाल्या, विकून टाका. काकांनी निहारला फोन केला.

निहार तोपर्यंत बर्लिनला शिकत होता. काय शिकत होता ते मला नीट सांगता येणार नाही, कारण तो दर वर्षी बदलायचा. सायकलवर हिंडायचा, सुट्टीतही घरी यायचा नाही. बापलेकांत भांडण नव्हतं. भांडायला तरी बोलावं लागतं. काकांच्या मराठी प्रश्नाला तो जर्मनमध्ये एका शब्दात उत्तर द्यायचा आणि फोन आईकडे जायचा. पण गाडी म्हटल्यावर तो म्हणाला, "एश्ट?" म्हणजे खरंच? आणि पुढच्याच शुक्रवारी रेल्वेने हजर झाला. काकांना काय आनंद झाला! त्यांच्याजवळची एखादी वस्तू मुलाला हवीशी वाटली, असं तोपर्यंत घडलंच नव्हतं.

काकांनी त्याला अख्खी दुपार शिकवलं. मला मागच्या सीटवर बसवलं होतं, ते का कोण जाणे. बहुधा कुणीतरी नीट ऐकणारं हवं म्हणून. थंड असताना काय, गरम झाल्यावर काय, दोन मीटर सरकवायची असेल तर सुरू करण्यापेक्षा ढकललेली बरी, सगळं सांगितलं. मराठीत सांगायचे, मग जर्मनमध्ये सांगायचे. निहारचा अंगठा मोबाइलवर चालू होता.

"आणि तेल. हे बघ, पट्टी अशी ओढायची. निहार, बघतोयस ना?"

"क्लार, बाबा."

निहारच्या 'क्लार'चा अर्थ होता समजलं, आता पुरे. काकांनी पंच्याच्या फडक्यांचा गठ्ठा त्याला दाखवून पुन्हा कप्प्यात ठेवला, तेलाचा एक डबा मागे डिकीत ठेवला आणि डबा कलंडू नये म्हणून त्याला गुंडाळलेला टॉवेल पुन्हा एकदा घट्ट केला. गाडी फाटकातून बाहेर गेली तेव्हा ते आवाज ऐकत उभे राहिले. "जोर लावला त्याने लगेच," स्वतःशीच म्हणाले. "थंड आहे अजून." पण हात हलवत राहिले.

मग रविवारचे फोन सुरू झाले. दुपारी जेवण झालं की काका नंबर फिरवायचे. मी कितीदा तरी तिथे असायची, कारण काकू रविवारी साबुदाणा वडे करायच्या.

"किती झाले?"

निहार आकडा सांगायचा.

"आणि तेल बघितलंस?"

"क्लार, बाबा."

"किती घातलंस?"

"गेनाऊग." म्हणजे पुरेसं.

एवढंच. पण मग कधी कधी निहार पुढे बोलायचा. मित्रांना गाडी आवडली, किंवा बर्लिनबाहेर हायवेवर पाऊस होता, किंवा उलट्या दारांमुळे एक मुलगी हसली. काका ते सगळं काकूंना पुन्हा सांगायचे, जणू काकूंनी ऐकलंच नव्हतं. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, "गाडीपायी का होईना, बोलतायत." त्या इंजिनाने अख्ख्या आयुष्यात काकांना दिलेली ती एकच चांगली गोष्ट होती. आणि आकडा वाढत होता. नव्वद, त्र्याण्णव, शहाण्णव हजार. काकांनी दामल्यांना आठवण करून दिली, की पेढे सांगून ठेवा. दामले हसले, पण या वेळी जरा कमी.

२००८ च्या गणपतीत निहार शनिवारी गाडी घेऊन येणार होता. मंडळाचा गणपती बिवलकरांकडेच होता. काकांनी हिशेब केला होता, की आता फार राहिलेलं नाही. निहार आला की त्याच्याबरोबर आखनपर्यंत आणि पुढे जाऊन यायचं, शेजारी बसून लाखाचा आकडा फिरताना बघायचा. डोळ्यांना तो नीट दिसला नसता, पण निहारने वाचून दाखवला असता.

दुपारी निहार आला तो ट्रकमध्ये, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. गाडी मागे ट्रकच्या पाठीवर. वाटेत हागेनच्या आसपास तिने आचके दिले, खडखडली आणि बंद पडली. ड्रायव्हरने गाडी अंगणात उतरवली, तिच्याच जागेवर. फ्राऊ ल्युडेके बाल्कनीत आल्या आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत.

"काय झालं?" काका म्हणाले. "तुला लागलं नाही ना? काय झालं रे?"

निहार थकलेला होता, चिडलेला होता. "डेअर मोटोर इस्ट हाल्ट श्रोट, बाबा," तो म्हणाला. इंजिनच भंगार आहे. "सगळेच म्हणतात. इंटरनेटवर बघा." आणि पाठीवर बॅग टाकून वर गेला. जिन्यात दामले भेटले असावेत, कारण वरून हसण्याचा आवाज आला.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. काकांनी चाचपत बॉनेट उघडलं. कप्प्यातून फडकं काढलं. गठ्ठा त्यांनी ठेवला होता तसाच होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. डिकीतला डबाही मी पाहिला. झाकणाखालचं सील शाबूत होतं. काकांनी पट्टी ओढली आणि पुसली. पुन्हा घातली, पुन्हा ओढली. उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ आणली. मग माझ्याकडे दिली.

"जरा बघ गं. मला खूण दिसत नाही. कुठपर्यंत आहे?"

पट्टी कोरडी होती. टोकापर्यंत कोरडी, उलथन्यासारखी. फडक्यावर डाग नव्हता. एवढी वर्षं ते मला डाग दाखवत आले होते आणि आज पांढरं फडकं हातात घेऊन उभे होते.

"काका," मी म्हटलं, "थेंब नाही."

त्यांनी पट्टी माझ्या हातातून घेतली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. मग अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळून बघितलं. बराच वेळ चोळत होते.

"त्याने एकदाही नाही घातलं," मी म्हणाले. माझं डोकं फिरलं होतं. "दर रविवारी खोटं बोलला तो तुमच्याशी. मी वर जाते आणि सगळ्यांसमोर सांगते. त्या दामल्यांसमोर सांगते. डबा दाखवते."

"नको."

"का नको? अहो, इंजिन नाही गेलं, त्याने मारलंय. तुम्ही बरोबर होतात. तुम्ही सुरुवातीपासून बरोबर होतात!"

"वैभवी," ते म्हणाले, "त्याला आत्ता सगळ्यांसमोर खोटं पाडलं, तर तो परत येईल का घरी?"

त्यांनी पट्टी जागेवर घातली, फडक्याची घडी केली आणि बॉनेट दोन्ही हातांनी दाबून बंद केलं. "कुणाला सांगू नकोस," म्हणाले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हणून आज हे लिहायला मी मोकळी आहे.

वर आरती झाली. तीस-पस्तीस माणसं त्या दोन खोल्यांत दाटीवाटीने उभी होती. प्रसादाचं ताट फिरायच्या आधी दामल्यांनी घसा साफ केला. "काय बिवलकर? निहार सांगत होता. मग पेढे कुणाकडून?"

सगळे हसले. निहार सोफ्याच्या हातावर बसला होता. त्याने बापाकडे पाहिलं. त्या नजरेत धाकधूक होती, मी पाहिली. त्याला ठाऊक होतं. बाबा खाली जाऊन काय बघून आले असतील ते त्या पोराला पक्कं ठाऊक होतं.

काका उठले. काकूंनी नैवेद्यासाठी दुधाच्या पावडरीचे पेढे केले होते, त्यांचा डबा त्यांनी हातात घेतला. "दामले, तुम्ही जिंकलात," ते म्हणाले. "मीच उगाच धरून बसलो होतो. इंजिनच तसलं. त्याला कुणी काय करणार!"

चोवीस वर्षं जे वाक्य ऐकून त्यांनी मान खाली घातली होती, ते वाक्य त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, चला, शेवटी कबूल केलं. काकू नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांना काहीतरी खटकलं असणार, पण त्यांच्या हातात आरतीचं तबक होतं. काका कडेचं दिसत नसल्यामुळे हळूहळू, एकेकाच्या अगदी जवळ जाऊन पेढा देत होते. माझ्यापाशी आले तेव्हा मी घेतला नाही. ते पुढे गेले.

निहारने एक घेतला. त्याचा चेहरा मोकळा झाला होता. "श्मेक्ट गूट," म्हणाला. छान झालाय. काकांनी डबा त्याच्यापुढे तसाच धरून ठेवला. त्याने दुसरा घेतला.

मला वाटलं होतं, तो रात्री तरी बापाशी बोलेल. किमान एकटं गाठून सांगेल, चुकलो म्हणून. रविवारी सकाळी तो रेल्वेने परत गेला. पुढच्या आठवड्यात भंगारवाला येऊन गाडी घेऊन गेला. काकांनी फडक्यांचा गठ्ठा मला दिला. तुझ्या पोलोला होतील, म्हणाले. मी त्यांना हात लावलेला नाही.

त्या सगळ्याला आता वर्ष झालं. निहार घरी येतो का म्हणाल, तर एकदा आला होता, ख्रिसमसला, दीड दिवस. मुलाला वाचवून काकांनी काय मिळवलं ते त्यांनाच ठाऊक. इंजिन गेलं, शब्द गेला, आणि पोरगा होता तिथेच, बर्लिनला राहिला. मंडळात अजून पेढ्यांची गोष्ट सांगतात आणि निहारही सांगतो म्हणे, बर्लिनच्या मित्रांना, हसवून हसवून.

गेल्या रविवारी मी काकूंची पातेली परत द्यायला वर गेले. काका फोनजवळच्या खुर्चीत बसले होते. फोन मांडीवर, हात नंबरांवर. काकू आत भांडी घासत होत्या.

"लावताय का निहारला?" मी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग माझ्या आवाजाच्या दिशेने वळून म्हणाले, "लावला असता गं. पण आता विचारू काय त्याला?"